समुद्राच्या आधी

पावसाचा जोर ओसरला की कोल्हापुरात पहिला प्रश्न एकच असतो : पाणी किती फुटांवर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत लोक आभाळाकडं बघायच्या आधी मोबाइलवर बंधाऱ्याची पातळी बघतात. अतिवृष्टी, वादळ, दरड हे शब्द आमच्याकडं कुणी आनंदानं तोंडातून काढत नाही. त्यामुळं वादळाची वाट बघणारी माणसं भेटली तेव्हा मला ते पचायला जरा जड गेलं.

माझा भाचा नोकरीच्या निमित्तानं इंग्लंडात ब्रिस्टलला असतो. मी त्याच्याकडं जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी सांगितलं, जून-जुलैत जा, तिकडं तेव्हाच जरा ऊन पडतं. त्यानं मात्र फोनवर सांगितलं, "आत्ती, तू फेब्रुवारीत ये. थंडी वाजेल, पण वादळं मिळतील." हुरड्याला बोलवावं तसा तो मला वादळाला बोलवत होता.

कारण होतं जीवाश्म. दोनेक तासांच्या अंतरावर डॉर्सेटचा किनारा आहे. तिथं लाइम रीजिस आणि चारमथ ही दोन गावं शेजारी शेजारी आहेत. पूर्व डेव्हन आणि डॉर्सेटचा मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपासचा हा किनारा 2001 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, कारण त्याच्या कड्यांमध्ये पृथ्वीच्या इतिहासाची साडेअठरा कोटी वर्षं थराथरानं उघडी पडलेली आहेत. चारमथजवळचे कडे त्यातल्या जुरासिक काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे 19 ते 20 कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथं उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी गाळ साचत गेला, त्यात मेलेले जीव गाडले गेले, आणि आता तो तळ कडा होऊन उभा आहे.

कडा म्हटलं की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं काळा कातळ येतो. हा कडा तसला नव्हे. करड्या-निळ्या मातीचा, मध्ये मध्ये चुनखडीचे पट्टे, आणि हात लावला तर बोटाला चिखल. हिवाळाभर पाऊस त्यात मुरत राहतो. खालून समुद्र पाया खात असतो. जोराचं वादळ आलं की वरचा भाग धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो सरळ घसरतो. मग दोन-चार भरत्यांत समुद्र तो चिखल धुऊन नेतो आणि त्यातलं जे जड आणि टणक असेल ते गोट्यांमध्ये मागं राहतं. किनाऱ्यावरची वाळूही वादळी लाटा ओढून नेतात, त्यामुळं एरवी झाकलेलं तेही उघडं पडतं. वादळानं जीवाश्म तयार होत नाहीत. वादळ फक्त दार उघडतं, तेही थोडा वेळ.

आम्ही गेलो तेव्हा वारा बराच निवला होता. भाच्यानं आदल्या रात्री भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढून ठेवलेलं. पाणी उतरायला लागलं की जायचं आणि चढायला लागायच्या आत परतायचं, कारण कडा आणि भरती यांच्यामध्ये सापडलं तर बाहेर पडायला वाट नसते. मला वाटलं होतं, असल्या थंडीत तिथं कोण असणार? बघते तर निम्मं गाव. हातात छोट्या बादल्या घेतलेली पोरं, कुत्री, निवृत्त जोडपी, हातोडी कमरेला अडकवलेले दोघे-तिघे. आणि एकजण समुद्राकडं बघेल तर शपथ! सगळ्यांच्या माना खाली. (आम्ही कोल्हापूरकर समुद्रावर गेलो की आधी मासे कुठं चांगले मिळतात त्याची चौकशी करतो, त्यामुळं मान वर असते.)

पहिला अर्धा तास मला नुसते दगड दिसत होते. करडे दगड, त्यांच्या शेजारी आणखी करडे दगड. तेवढ्यात सत्तरीच्या पुढची एक बाई माझी धडपड बघून जवळ आली. तिनं मला गंजलेले खिळे शोधायला सांगितलं. मला आधी वाटलं, तिचं इंग्रजी मला नीट कळलं नाही. पण खिळेच. त्या किनाऱ्यावरच्या एका कड्यावर पूर्वी लाइम रीजिस गावाचा कचरा टाकायची जागा होती. कड्याबरोबर तो जुना कचराही खाली येत असतो, आणि लाटा वजनानुसार सगळं निवडून ठेवतात. लोखंडाचे खिळे जिथं गोळा होतात तिथंच पायराइट या लोहाच्या खनिजाचे झालेले छोटे जीवाश्म गोळा होतात, कारण दोन्ही जड. तांबूस डाग दिसला की तिथं बूड टेकायचं आणि हातानं गोटे बाजूला सारत बसायचं. विज्ञान एवढंच, बाकी कंबर.

मग दिसायला लागलं. आधी बेलेमनाइट, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, टोकदार. ते माखलीच्या कुळातल्या प्राण्यांच्या अंगातले टणक भाग. मग ग्रिफिया नावाची जाड वाकडी शिंप, जिला तिकडचे लोक सैतानाची नखं म्हणत आलेत. आणि मग अंगठ्याच्या नखाएवढा ॲमोनाइट, म्हणजे माखलीच्याच गोतातल्या, गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या जुन्या समुद्री प्राण्याचा अवशेष. पितळेच्या रंगाचा, गुंडाळीतला एक एक उंचवटा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मी तो तळहातावर घेऊन बसले. मागून भाचा ओरडला, "आत्ती, तिकडं कड्याखाली नको बसूस, वरनं कधी काय येईल सांगता येत न्हाई!"

तो रंग सोन्याचा नव्हे, पितळेचाही नव्हे. त्या जुन्या समुद्राच्या तळाच्या गाळात प्राणवायू जवळपास नव्हता. तिथले जिवाणू सल्फेटवर जगत आणि हायड्रोजन सल्फाइड सोडत. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन लोहाचं सल्फाइड, म्हणजे पायराइट, शंखाच्या पोकळीत भरत गेलं. प्राणी सडला, शंखही विरघळला, साचा राहिला. प्राणवायू नव्हता म्हणून तो टिकला, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

या किनाऱ्यावर गेलं की मेरी ॲनिंगचं नाव टाळता येत नाही. 1799 साली लाइम रीजिसमध्ये जन्मलेली, सुताराची मुलगी. बाप किनाऱ्यावरची 'नवलाची' खडी गोळा करून उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना विकायचा. तो 1810 मध्ये गेला तेव्हा मागं कर्ज होतं. पोरांनी तोच धंदा पुढं चालवला. 1811 मध्ये भाऊ जोसेफला एक लांबलचक कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी मेरीनं तिचा बाकीचा सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर होता, माशासारखा दिसणारा समुद्रातला सरपटणारा प्राणी. ती तेव्हा 12-13 वर्षांची. 1823 मध्ये तिनं लांब मानेच्या समुद्री प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा काढला, 1828 मध्ये उडणारा टेरोसॉर. हिवाळ्यातल्या वादळांनंतर, दरडी ओल्या असताना ती बाहेर पडायची, कारण उशीर केला तर माल समुद्राचा. 1833 मध्ये अशाच एका दरडीखाली तिचं कुत्रं, ट्रे, तिच्या डोळ्यांदेखत गाडलं गेलं. तिनं काढलेले सांगाडे श्रीमंत संग्राहकांनी विकत घेतले, विद्वानांनी त्यांच्यावर निबंध वाचले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत मात्र बायकांना सभासद होता आलं ते 1919 साली. मेरी 1847 मध्येच वारली होती. गावात तिचा पुतळा बसला 2022 मध्ये. सोबत ट्रे आहे. तेवढं बरं केलंय.

मला मेरीबद्दल जे आवडतं ते मात्र पुतळ्यात मावणारं नाही. ती हे सगळं पोटासाठी करत होती. पुढं तिनं शरीररचना शिकून घेतली, पण वादळात घराबाहेर काढलं ते भाकरीनं. छंद म्हणून हिंडणारे तिच्या काळातही होते, आणि त्यांना असं वादळ गाठायची घाई नव्हती.

आता माझ्या खऱ्या अडचणीकडं येते. उचलायचं की ठेवायचं?

माझ्या वडिलांना ब्रह्मपुरीच्या टेकाडावर फिरायला जायची सवय होती. पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या अगदी जुन्या वस्तीची ही जागा. 1944 साली इथं कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात समुद्राचा देव पोसायडन याची, वीतभराहूनही लहान, रोमन बनावटीची मूर्ती होती. पुढं 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. समुद्रापासून एवढ्या आत, घाट चढून, दोनेक हजार वर्षांपूर्वी तो देव इथवर आला, तो व्यापारामुळं. तो आज आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कोल्हापुरात जन्म काढून तो न बघितलेले लोक मला रोज भेटतात.

तर पावसानंतर त्या टेकाडाच्या उतारावर खापरं उघडी पडायची. वडील ती उचलून आम्हाला दाखवायचे, मातीचा रंग, काठाची जाडी, आणि मग होती तिथंच, होती तशी ठेवायचे. "जाग्यावरनं हललं की ते मुकं झालं," असं म्हणायचे. पुरातत्त्वाचा तो पहिला नियम आहे. वस्तूइतकाच तिचा थर महत्त्वाचा. कशाच्या वर होती, कशाच्या खाली होती, शेजारी काय होतं. ते गेलं की उरतो नुसता शोभेचा तुकडा. हे माझ्या हाडात मुरलेलं. म्हणून त्या किनाऱ्यावर हातातला ॲमोनाइट मी परत खाली ठेवायला निघाले होते.

भाचा म्हणाला, "ठेव की. पण संध्याकाळी भरती आहे."

त्याचं बरोबर होतं. किनाऱ्यावर पडलेल्या जीवाश्माचा थर आधीच सुटलेला असतो. दरड कोसळली तेव्हाच तो मुका झाला. आता तो खाली ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, गोट्यांमध्ये दळायला टाकणं. थोड्या भरत्यांत त्याची गुंडाळी घासून जाते. म्हणून तिथं सुटे पडलेले जीवाश्म वेचायला मुभा आहे. कड्यात खणायचं नाही, कड्यावर हातोडी मारायची नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीनं मोलाचं काही सापडलं तर चारमथच्या किनारा-वारसा केंद्रात नोंदवायचं, अशी रीत ठरलेली आहे. मला ही व्यवस्था पटली. नियम वस्तूवरून नको, ती कुठं आणि कशी आहे त्यावरून हवा. ब्रह्मपुरीच्या उतारावर ठेवून येणंच शहाणपणाचं, चारमथला उचलणंच. वडील असते तर थोडं वाद घालून त्यांनीही खिशात टाकला असता, असं मला वाटतं. त्यांचा खिसा मोठा होता.

पण वादळाच्या आनंदाशी माझं अजून पूर्ण जमलेलं नाही. 2008 च्या मे महिन्यात लाइम आणि चारमथच्या मध्ये सुमारे 400 मीटर किनारा घसरला. 2012 च्या जुलैमध्ये याच किनाऱ्यावर बर्टन ब्रॅडस्टॉकला कडा कोसळून खालून चालणारी एक तरुण मुलगी गेली. ती जीवाश्म शोधत नव्हती, फिरायला आली होती. आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. नागपूरच्या परिसरातले जीवाश्म जगापुढं आणणारे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी 1863 साली टाकळघाटकडून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. पाणी दार उघडतं खरं, पण आत कोण उभं आहे ते बघून उघडत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात 2019 च्या पुरानंतर भिंतीवरची चिखलाची रेघ कितीतरी दिवस पुसली नव्हती. त्यांना कुणी सांगितलं असतं की तिकडं लोक असल्या पावसाची वाट बघतात, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते कोल्हापुरी माणसाला सांगायला नको, आणि ते इथं छापताही येणार नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मी एकच विचार करत होते : आपल्याकडं हे का नाही? उत्तर सोपं आहे. कोल्हापूरचा दगड समुद्रानं केलेला नाही, ज्वालामुखीनं केलाय. अंबाबाईचं देऊळ, जोतिबा, घरांचे जुने चौथरे, सगळा काळा बेसॉल्ट. रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती असं सांगतात. लहानपणी काळ्या दगडातली भोकं आणि त्यातले पांढरे चमकणारे स्फटिक मी तासन्‌तास बघितलेत. ते लाव्हातले वायूचे बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. जीव नव्हे. तापलेल्या लाव्हात कोण टिकणार? दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत जिथं तळी साचली तिथं मात्र जीव शिरला. नागपूरकडच्या अशा गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई सापडल्या, मुंबईत वरळीच्या टेकडीत चिमुकले बेडूक.

आणि मग तारखा जुळवताना मी गप्प झाले. दख्खनचा लाव्हा पसरला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. जगातले शेवटचे ॲमोनाइट संपले तेही त्याच सुमाराला, डायनोसॉरबरोबर. त्या विनाशाचं मुख्य कारण मेक्सिकोत आदळलेली उल्का असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या उद्रेकांचा त्यात वाटा किती, यावर वाद अजून चालू आहे. माझ्या पिशवीतला ॲमोनाइट त्याही आधी 13 कोटी वर्षं चिखलात पडून होता, त्याला या भांडणाशी देणंघेणं नाही. पण ज्या दगडाच्या चौथऱ्यावर माझं घर उभं आहे तो दगड त्याच्या कुळाच्या अंताचा साक्षीदार आहे, आणि कदाचित आरोपींपैकीही एक. हे कळल्यावर आमचा जोता मला पूर्वीसारखा साधा दिसत नाही.

तर उचललं. उचलल्यावर सांभाळणं आलं, आणि ते काम वेचण्यापेक्षा फार मोठं निघालं. समुद्राचं मीठ निघून जावं म्हणून आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मग पूर्ण वाळवायचं. खरी परीक्षा त्यानंतर. मघाशी म्हटलं होतं, हा प्राणवायू नसल्यामुळं टिकला. हवा आणि दमटपणा एकत्र लागले की पायराइट कुजतं. गंधकाचा वास येतो, अंगावर पांढरी-पिवळी भुकटी धरते, आम्ल सुटतं, शेजारची कागदी चिठ्ठीसुद्धा करपते. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की धोका. कोल्हापुरात पावसाळ्यात ती 80 च्या वर सहज असते. आमच्याकडं पापड, मीठ आणि कपाटातल्या जरीच्या साड्या सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. 19 कोटी वर्षं टिकलेली वस्तू इथल्या काही पावसाळ्यांत मातीमोल होऊ शकते. मग घट्ट झाकणाचा डबा, चपलांच्या आणि औषधांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि मृग लागायच्या आत त्या ताज्या करून ठेवायच्या. लोणच्याच्या बरण्यांशेजारी आता हे एक काम वाढलंय.

घरात खरी गंमत झाली ती सासूबाईंमुळं. आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे, त्यांच्या सासऱ्यांनी काशीहून आणलेला. शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात मिळणारा काळा गोटा, आणि त्यातलं चक्र म्हणजे बहुधा जुरासिक काळातला ॲमोनाइटच. हिमालय वर उठला तेव्हा त्याच्याबरोबर जुन्या समुद्राचा तळही वर आला. मी पिशवीतून दगड काढले तशी सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका क्षणात म्हणाल्या, "हे चक्र हाय की गं."

मी म्हटलं, "आई, हा समुद्रातला प्राणी होता. आपला शाळिग्रामही तसाच."

"मग त्यात काय नवल? विष्णू क्षीरसागरातच असतोय."

यावर भूशास्त्राकडं उत्तर नाही. त्यांना चमकणारा पायराइटचा हवा होता. रोज स्नान, तुळस, एकादशीला पंचामृत. मी सगळं समजावून सांगितलं, हवा, पाणी, गंधक, आम्ल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी चालत न्हाई, मग ह्यो देव कसला?" शेवटी भाच्यानं दिलेला चुनखडीतला करडा अर्धा ॲमोनाइट त्यांच्या वाट्याला दिला. त्याला पाणी चालतं. फक्त पंचामृतातलं दही घालू नका, आंबटानं चुनखडी झिजते, एवढं मी सांगून ठेवलं.

तेवढ्यावरून दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होत्या, सुनेनं सातासमुद्रापलीकडनं देव आणलाय, पण पथ्याचा.